न झालेल्या तासांचा हिशेब

(छत्रपती संभाजीनगर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो, त्यांना लांबलचक प्रास्ताविके आवडत नसत. म्हणून थेट विषयाकडे येतो. प्रवेशाच्या दिवसांत घनसावंगी तालुक्यातले एक शेतकरी मुलाच्या फीची पावती घेऊन माझ्याकडे आले होते. मुलगा इथे शहरात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. ते म्हणाले, "सर, फी भरायला आपली ना नाही. पण पोरगं म्हणतंय, हप्त्यात दोन-तीनच दिवस तास होतेत, बाकी टाइम रूमवरच. मग आपण पैसे भरतो ते नेमके कशाचे, तेवढं सांगा."

हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. मराठवाड्यातल्या घराघरांत तो बोलला जातो. कॉलेजच्या खिडकीपाशी जाऊन मात्र तो कोणी विचारत नाही, कारण तिथे पोराचा दाखला अडकलेला असतो, शिष्यवृत्तीच्या अर्जावर सही हवी असते. म्हणून तो मी आज या व्यासपीठावरून विचारतो आहे.

ती पावती मी नीट वाचली. प्रवेश शुल्क, शिकवणी शुल्क, ग्रंथालय, जिमखाना, ओळखपत्र, वार्षिकांक, विद्यार्थी कल्याण निधी, संगणक सुविधा, परीक्षा शुल्क, अनामत. ओळीमागून ओळी. शिकवणीची ओळ त्या गर्दीत चटकन सापडतसुद्धा नाही. हे झाले अनुदानित वर्गाचे. त्याच इमारतीत, त्याच जिन्याने वर गेले की विनाअनुदानित अभ्यासक्रम भरतात. तिथे शिकवणीची ओळ कैक पटींनी मोठी होते. २४ नोव्हेंबर २००१ नंतर महाराष्ट्रात जी महाविद्यालये निघाली ती 'कायम विनाअनुदानित' या अटीवर निघाली, म्हणजे त्यांच्या शिक्षकांच्या पगाराचा भार सरकारने उचलायचा नाही, हे आधीच ठरले. तेव्हापासून एकाच शहरातली दोन भावंडे, एक बी.ए.ला आणि एक बी.सी.ए.ला, तासांसाठी अगदी वेगळी किंमत मोजतात. तास किती होतात हे मात्र दोघांच्याही पावतीवर लिहिलेले नसते.

आधी कागदावरचे तास सांगतो. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे एक क्रेडिट म्हणजे सत्रात १५ तास. चार क्रेडिटचा पेपर म्हणजे ६० तास. सत्र साधारण १५ आठवड्यांचे, आणि सत्राला २२ क्रेडिट धरले तर लेखी विषयांचा आठवडा २२ तासांचा होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाचा नियम आहे की वर्षाला किमान १८० दिवस, म्हणजे सहा दिवसांचे ३० आठवडे, प्रत्यक्ष शिकवले गेले पाहिजे. आता घनसावंगीच्या मुलाचे दोन-तीन दिवस या आकड्यांशेजारी ठेवून पाहा. मधले तास कुठे गेले?

ज्यांनी कॉलेजात शिकवले आहे त्यांना हे माहीत आहे. प्रवेश ऑगस्ट उजाडला तरी चालूच असतात. अनेक ठिकाणी तासिका ४८ मिनिटांची असते, क्रेडिट मात्र घड्याळी ६० मिनिटांचे. परीक्षा केंद्र कॉलेजातच, त्यामुळे एका वर्गाची परीक्षा सुरू झाली की बाकीच्यांचे वर्ग अडतात. निवडणुकीचे काम लागते. नॅकच्या फायली तयार करायच्या असतात. स्नेहसंमेलन येते. ही सगळी कारणे खरी आहेत, पण ती दुय्यम आहेत. मुख्य कारणाकडे मी थोड्या वेळाने येतो. त्याआधी एक गोष्ट मोकळेपणाने मांडतो, कारण ती मांडल्याशिवाय पुढचे बोलणे प्रामाणिक होणार नाही.

तास कमी असणे हा स्वतःहून दोष नाही.

इंग्लंडमध्ये हा वाद मोठा झाला. तिथे १९९८ पर्यंत इंग्रज विद्यार्थ्याला विद्यापीठात फी भरावी लागत नसे. मग वर्षाला १,००० पौंड आले, २००६ मध्ये ३,००० झाले आणि २०१२ मध्ये ९,०००. फी वाढली तसे इतिहास किंवा साहित्य शिकणाऱ्या मुलांनी भागाकार करायला घेतला: आठवड्याला दहा-बारा तास वर्ग, आणि एवढे पैसे? भागाकार बरोबर होता. पण त्याच देशात ऑक्सफर्डची ट्यूटोरियल पद्धत आहे, जिच्यात आठवड्याला एखादा तास विद्यार्थी शिक्षकासमोर बसतो. तेवढ्या एका तासासाठी त्याने आठवडाभर वाचून निबंध लिहिलेला असतो, आणि शिक्षक त्या निबंधातल्या वाक्यावाक्यावर त्याला धारेवर धरतो. तो एक तास आणि दोनशे मुलांच्या सभागृहातला एक तास वेळापत्रकात सारखेच दिसतात. जर्मनीने तर हा वाद मुळापासूनच संपवला. तिथल्या काही राज्यांनी २००६-०७ च्या सुमारास फी लावून पाहिली आणि २०१४ पर्यंत ती सगळीकडे काढून टाकली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण या शहरात द्यायला कोणाची परवानगी लागत नाही. एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांना प्रा. म्युलर यांनी पुस्तके दिली, कपडे दिले. कोणत्याही वेळापत्रकात हे काम लिहिलेले नव्हते. १९१३ ते १९१६ ही वर्षे ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात होते. तिथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन त्यांचे शिक्षक. १९२५ मध्ये बाबासाहेबांचा प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्याला प्रस्तावना सेलिग्मन यांची आहे. कोलंबिया सोडून नऊ वर्षे झाली होती, आणि शिक्षक आपल्या विद्यार्थ्याचे लिखाण अजून वाचत होता.

मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसाठी चिमणलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिच्या प्रश्नावलीला बाबासाहेबांनी लेखी उत्तरे दिली. त्यातला त्यांचा आशय असा: विद्यापीठातले शिक्षण प्रौढ माणसाला शोभेल असे हवे. मुलाच्या डोक्यात माहिती आणि सिद्धान्त भरत राहण्यापेक्षा त्याच्यातले स्वतःचे जे आहे ते बाहेर काढणे, त्याला बुद्धीचे श्रम करायला लावणे आणि मोठमोठ्या अधिकारी लेखकांकडेही चिकित्सेने पाहायला शिकवणे हे विद्यापीठाचे काम. नुसत्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेवर त्यांचा विश्वास नव्हता. शिकवणे आणि संशोधन एकाच छपराखाली, एकाच शिक्षकाच्या हातून व्हावे असा त्यांचा आग्रह होता.

आता हे काम किती तासांत होते ते मोजून पाहू. मी शिक्षक आहे, मोजणे मला आवडते. वर्गात ६० मुले आहेत. प्रत्येकाने एक निबंध लिहिला. एक वही नीट वाचायला, समासात दोन ओळी लिहायला दहा मिनिटे लागतात. म्हणजे ६०० मिनिटे, दहा तास. पंधरवड्याला एक निबंध घेतला तर आठवड्याला पाच तास नुसत्या वह्यांचे. आणि हा एकाच वर्गाचा हिशेब झाला.

हे तास कुठून यायचे? त्याचीही सोय नियमात केलेली आहे. आयोगाच्या नियमाप्रमाणे पूर्णवेळ शिक्षकाचा आठवडा ४० तासांचा असतो. त्यात सहायक प्राध्यापकाने प्रत्यक्ष शिकवायचे ते १६ तास, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकाने १४. राहिलेले २४ किंवा २६ तास वाचनाचे, तयारीचे, वह्यांचे, विद्यार्थ्यांना भेटण्याचे. आपण सगळे, पालक, विद्यार्थी, वर्तमानपत्रे, अगदी सरकारसुद्धा, त्या १६ तासांवर भांडतो. २४ तासांचे नाव कोणी काढत नाही. माझ्या मते विद्यार्थ्याची फी आणि करदात्याचा पैसा मुख्यतः या २४ तासांसाठी असतो. फळ्यासमोरचे १६ तास ही त्यांची उघडी बाजू आहे, इतकेच.

सरांची आठवण मला इथे काढावीच लागेल. ते वर्गात फार बोलत नसत. काही वेळा पाऊण तासात एक उतारा वाचायचे आणि तीन प्रश्न विचारून निघून जायचे. आम्हाला तेव्हा वाटायचे, आज तास झालाच नाही. पण वही परत मिळायची तेव्हा समासात लाल शाईने लिहिलेले असायचे, "हे वाक्य तुझे की गाइडचे?" माझ्या पहिल्या वहीत हा शेरा पाच ठिकाणी होता. पाचही वाक्ये गाइडची होती. पुढच्या वहीत तो दोन ठिकाणी आला. त्या दोनपैकी एक वाक्य खरोखर माझे होते, म्हणून मी धीर करून त्यांच्या खोलीत गेलो आणि तसे सांगितले. त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचले, आपला शेरा खोडला आणि मला बसायला सांगितले. त्या दिवशी ते माझ्याशी दीड तास बोलले. मी पुढे आयुष्यभर जे शिकवले त्यातले बरेचसे त्या दीड तासात आहे. तो दीड तास कोणत्याही हजेरीपटावर नाही.

असे शिक्षक या शहराला नवे नव्हते. निजामाच्या राज्यात मराठवाड्यातल्या मुलाला पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे, आणि उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू. १९४५ मध्ये बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले आणि ते सकाळच्या वेळात भरू लागले, दिवसा नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून. कमी वेळात कॉलेज भरवण्याचा हा निर्णय होता, आणि तो मुलांच्या सोयीसाठी घेतलेला होता. १९५० मध्ये इथे औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय निघाले. मिलिंदचा, नागसेनवनाचा परिसर आपण सगळ्यांनी पाहिला आहे. वर्गखोल्या आणि वसतिगृह तिथे एका कल्पनेतून आले, कारण खेड्यातून येणाऱ्या मुलाला तासाइतकीच निवाऱ्याची आणि दिव्याची गरज आहे हे संस्थापकाला स्वानुभवाने माहीत होते. तिथले प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' नाटक लिहिले आणि मुलांनी ते रंगमंचावर आणले. नाटकाच्या तालमींना क्रेडिट नव्हते.

मिलिंदमध्ये आणि पुढे विद्यापीठाच्या मराठी विभागात शिकवणारे डॉ. गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' घ्या. साठच्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेले हे नियतकालिक त्यांनी जवळपास अर्धशतक चालवले. गावकुसाबाहेरून आलेल्या, आजवर कधी छापून न आलेल्या मुलामुलींच्या कविता, कथा, आत्मकथने त्यात आली. संपादक म्हणजे काय? आलेले हस्तलिखित वाचणारा, पत्र लिहून 'हे पुन्हा लिही' म्हणणारा माणूस. मराठी दलित साहित्याची एक मोठी शाखा या शहरातल्या एका प्राध्यापकाच्या अशा न मोजलेल्या तासांतून वाढली. पूर्णवेळ नोकरी होती म्हणून ते तास त्यांच्या हाती होते, ही गोष्ट आपण विसरतो.

२३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. पहिले कुलगुरू एस. आर. डोंगरकेरी. पुढे विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून नामांतराचा लढा झाला. १९७८ मध्ये विधिमंडळाचा ठराव झाला, आणि त्यानंतर गावोगाव जे जळले, जी माणसे गेली, त्याची आठवण या सभागृहात बसलेल्या अनेकांना आहे. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. विद्यापीठाच्या नावासाठी ज्या समाजाने एवढी किंमत मोजली, त्या समाजाच्या मुलांना त्या विद्यापीठाच्या महाविद्यालयांत शिक्षक मिळतो की नाही, हा प्रश्न म्हणूनच मला साधा प्रशासकीय प्रश्न वाटत नाही.

आता मुख्य कारणाकडे येतो. मधले तास गेले, कारण शिक्षकच नाहीत.

प्राध्यापक निवृत्त होतात, त्यांची जागा भरली जात नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये सरकारने रिक्त जागा भरायला परवानगी दिली ती ४० टक्क्यांपुरती. राहिलेल्या जागांवरचा कार्यभार तासिका तत्त्वावर गेला. कॉलेजात या शिक्षकांना सगळे 'सीएचबीवाले सर', 'सीएचबीवाल्या मॅडम' म्हणतात; सीएचबी म्हणजे 'क्लॉक अवर बेसिस', तासिका तत्त्व. नेट किंवा सेट झालेले, पीएच.डी. झालेले, वय चाळिशीकडे झुकलेले. एका रिक्त पदाचा कार्यभार बहुधा दोघांत वाटलेला असतो, त्यामुळे एकट्याच्या वाट्याला मोजक्या तासिका येतात. घेतलेल्या तासिकेचे पैसे मिळतात. सुट्टी असेल, परीक्षा असेल, कॉलेज बंद असेल, तर काही नाही. बिल महिनोन् महिने मंजूर होत नाही. एप्रिलनंतर जून-जुलैपर्यंत हाताला काम नाही, आणि पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखत.

माझा एक विद्यार्थी असा शिकवतो. सकाळी लवकर एसटीने गंगापूरच्या बाजूच्या एका कॉलेजात जातो, तिथे दोन तासिका घेतो, परत शहरात येऊन दुपारी दुसऱ्या ठिकाणी एक. संध्याकाळी एका खासगी क्लासमध्ये शिकवतो, कारण घर त्याच्यावर चालते. मी त्याला विचारले, मुलांच्या वह्या बघतोस का? तो म्हणाला, "सर, स्टाफरूममध्ये मला कपाट नाही. वह्या ठेवू कुठे?"

त्याच्या या उत्तराने मला सगळी व्यवस्था एकदम कळली. तासिका तत्त्वाने शिक्षकाच्या आठवड्यातले ते २४ तास कापून टाकले. सरकार १६ तासांतले जेवढे दिसतात तेवढ्यांचेच पैसे देते, आणि त्यातलेही कमी करून. म्हणजे उद्या चमत्कार झाला आणि २२ पैकी २२ तास वेळापत्रकाप्रमाणे भरले, तरी घनसावंगीच्या मुलाची वही कोणी वाचणार नाही. तो विषय शिकेल, परीक्षा देईल, आणि पदवी घेताना त्याचे एकही स्वतःचे वाक्य कोणाच्या नजरेखालून गेलेले नसेल. मी या तरुण शिक्षकांना दोष देत नाही. त्यांच्यातले कित्येक जण बिनपगारी वेळ देऊन मुलांना सांभाळतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्यांच्या चांगुलपणावर विद्यापीठ चालवणे हे मात्र सरकारला शोभणारे नाही.

घर खरा खर्च कुठे करते तेही बघायला हवे. अनुदानित कॉलेजची फी ही त्यातली लहान रक्कम. ज्या अनुसूचित जातीच्या मुलाला सरकारी वसतिगृहात जागा मिळत नाही, त्याच्यासाठी राज्याची स्वाधार योजना आहे. महसूल विभागाच्या मुख्यालयाच्या शहरासाठी, म्हणजे आपल्यासारख्या शहरासाठी, त्या योजनेत वर्षाचा हिशेब ५१,००० रुपयांचा धरला गेला: भोजनाचे २८,०००, निवासाचे १५,०००, निर्वाहाचे ८,०००. इथे एक मूल शिकायला राहिले की निदान एवढे लागतात, ही सरकारचीच कबुली. बाकीच्या घरांतून हे पैसे कापसातून, मोसंबीतून, ऊसतोडीच्या उचलीतून येतात. दुष्काळ जाहीर झाला की परीक्षा शुल्क माफ होते. ते चांगलेच आहे, पण मेस माफ होत नाही आणि घरमालक थांबत नाही. म्हणून रूमवर बसून गेलेला प्रत्येक दिवस घराला महाग पडतो. तास बुडाला की शिकवणी शुल्कातले फार तर काही रुपये बुडतात, राहण्या-खाण्याचे मात्र पूर्ण लागतात. शुल्काचा प्रश्न मोजताना आपण नेहमी पावतीच पाहतो, आणि ही रक्कम पावतीवर कुठेच नसते.

आणि मुले काही झोपा काढत नाहीत. औरंगपुऱ्यात किंवा टीव्ही सेंटरच्या भागात चक्कर मारा. दोन दुकानांच्या वर अभ्यासिका दिसेल. प्लायवूडच्या पाट्या लावून केलेले खण, प्रत्येक खणात एक खुर्ची, एक दिवा, एक चार्जिंगचा बोर्ड, वर चिकटवलेला एमपीएससीचा अभ्यासक्रम. चपला जिन्यात. आत शंभर पोरे, आणि पंख्याशिवाय आवाज नाही. पहाटे येऊन रात्री दहाला उठणारी ही मुले आहेत. महिन्याचे पैसे देऊन ती तिथे काय घेतात? शांतता, खुर्ची आणि प्रकाश. कॉलेजच्या पावतीवर ग्रंथालय शुल्काची ओळ आहे, आणि बऱ्याच कॉलेजांचे वाचनालय संध्याकाळी ऑफिसबरोबर बंद होते. तेच रात्री दहापर्यंत उघडे ठेवायला एक कर्मचारी आणि विजेचे बिल एवढेच लागते. हे करायला कोणत्याही धोरणाची वाट पाहावी लागत नाही.

जून २०२१ च्या अखेरीची एक गोष्ट आठवा. करोनाने कॉलेजे बंद होती. तेव्हा राज्य सरकारने जाहीर केले की मुलांनी जी सोय वापरलीच नाही, जसे जिमखाना, स्नेहसंमेलन, तिचे शुल्क घेऊ नये, आणि ग्रंथालय, प्रयोगशाळा यांचे कमी करावे. तत्त्व स्वच्छ होते: जे दिले नाही त्याचे पैसे नाहीत. माझा प्रश्न एवढाच आहे, की हे तत्त्व महामारीपुरते का? वर्ग उघडे असूनही जो तास झाला नाही, त्याला ते का लागू नाही?

मुलाची हजेरी ७५ टक्के भरली नाही तर त्याला परीक्षेला बसू न देण्याचा नियम आहे. त्यासाठी बायोमेट्रिक यंत्रे आली, पालकांना संदेश जातात. ठीक आहे. मग प्रत्येक महिन्याच्या अखेरीस प्रत्येक पेपरचे ठरलेले तास किती, झालेले किती, ते कोणी घेतले, हे कॉलेजने सूचना फलकावर आणि संकेतस्थळावर लावावे. ज्या पेपरचे तीन चतुर्थांश तास झाले नाहीत, त्याची परीक्षा घेण्याआधी ते तास भरून द्यावेत. अनुदानित वर्गात शुल्क परत करून काही साधणार नाही, ती रक्कमच तुटपुंजी आहे. तिथे तासच परत मिळाले पाहिजेत. विनाअनुदानित व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी २०१५ च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते, संस्थेचा खर्च पाहून. त्या खर्चात शिक्षकांच्या पगाराची बाब मोठी असते. पगारपत्रकावर दाखवलेले शिक्षक वर्गात उभे होते का, हे झालेल्या तासांच्या तक्त्याशी ताडून पाहण्याचा अधिकार पालकाला मिळाला पाहिजे. आणि वर्षाला निदान चार लेखी कामे शिक्षकाने वाचून, शेरा लिहून परत द्यावीत. आज अंतर्गत गुणांसाठी प्रकल्पवह्यांचे गठ्ठे जमा होतात. त्यातले किती उघडले जातात ते या सभागृहातल्या शिक्षकांना मी विचारत नाही, त्यांना ते ठाऊक आहे.

यावर एक उत्तर नेहमी मिळते: पैसे नाहीत, तर मग फी वाढवा, म्हणजे शिक्षक नेमता येतील. हे उत्तर नवे नाही. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी याच विचाराला विरोध केला होता. कला महाविद्यालयांच्या खर्चाचा ३६ टक्क्यांच्या आसपासचा भाग फीतून वसूल होतो, हे त्यांनी आकड्यांनी मांडले आणि याला शिक्षणाचा व्यापार म्हटले. शिक्षण खाते घेतले तेवढे दिले अशा व्यवहारावर चालवता येत नाही, शिक्षण सर्वांच्या आवाक्यात आणायचे असते, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. त्याहीआधी, १८८२ मध्ये, हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी सांगितले होते की सरकारी तिजोरीतला पैसा रयतेच्या घामाचा, आणि त्यातून शिकतात ते वरच्या वर्गाचे. आज त्या रयतेची मुले कॉलेजात पोचली आहेत. करातून एकदा, फीतून दुसऱ्यांदा आणि मेसच्या बिलातून तिसऱ्यांदा त्यांनी पैसे भरलेले आहेत. चौथ्यांदा मागायला मी तयार नाही.

२०२४ च्या जुलैमध्ये सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. मी त्याचे मनापासून स्वागत करतो. बदनापूरची, पैठणची, कळंबची मुलगी आता अभियांत्रिकीला, फार्मसीला येईल. तिची फी सरकार कॉलेजला देणार. मग सरकार आता स्वतःच त्या पावतीवरचा ग्राहक झाले. आपण ज्याचे पैसे देतो तो शिक्षक तिच्यासमोर उभा आहे का, तिची वही वाचतो का, हे पाहण्याची जबाबदारी आता टाळता येणार नाही.

शेवटी एका सूचनेबद्दल बोलतो, कारण ती मला अनेकांनी केली आहे. शहरात निवृत्त प्राध्यापक पुष्कळ आहेत, त्यांनी आठवड्यातून एक दुपार कॉलेजात बसून मुलांच्या वह्या वाचाव्यात. मी येईन. माझ्या ओळखीचे आणखी काही जण येतील. कोणते कॉलेज खोली उघडून देणार असेल त्यांनी आजच सांगावे. पण ही मदत रिक्त पदाच्या जागी धरू नये, एवढी अट मी आधीच घालून ठेवतो. आमच्या येण्याने एका जरी विषयाची जागा आणखी एक वर्ष रिकामी राहणार असेल, तर आम्ही येणार नाही, आणि त्या जागेच्या जाहिरातीसाठी उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयात जो अर्ज द्यायचा, त्यावर पहिली सही माझी असेल.